दिवाळीनंतरची हजेरी

२०२४ सालचा ऑक्टोबर महिना मी भाषणे करण्यात घालवला. ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना एकाएकी भाव आला. एरवी ज्या संस्थांना आमची आठवण फक्त २७ फेब्रुवारीला होते, त्या शाल आणि नारळ घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. मीही गाथासप्तशतीपासून निघून लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी असे मुक्काम करीत दोन हजार वर्षांचा प्रवास पाऊण तासात उरकीत असे. शेवटी एक तक्रार जोडण्याची मात्र मला जुनी खोड आहे. "एवढी थोर भाषा, आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही. पायाच कच्चा! प्राथमिक शाळेत शिकवतात तरी काय, देव जाणे!" मौज अशी की, सबंध भाषणात जास्तीत जास्त टाळ्या याच वाक्याला पडतात.

त्यातले एक भाषण हिंगोलीला झाले. हिंगोली जिल्हा हा माझा जिल्हा. नोकरीनिमित्त पुण्याकडे राहत असलो तरी मी मूळचा कळमनुरी तालुक्यातला. भाषण संपवून बाहेर आलो तो टपरीपाशी माझा बालमित्र उभा. आम्ही दोघे एका पाटीवर शिकलो. तो आता आमच्याच गावाजवळच्या एका तांड्यावर जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक आहे. मला वाटले, भाषण आवडले म्हणून थांबला असेल.

"बोललास झकास," चहाचा कप हातात देत तो म्हणाला. "पण पाया घालताना कधी पाहिलंस का रे? एक दिवस ये अन् पहिलीचा वर्ग घेऊन दाखव. दुपारची खिचडी माझ्याकडून."

चारचौघांत असे आव्हान आले की प्राध्यापक माणसाला माघार घेता येत नाही. दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या आठवड्यात मी त्याच्या शाळेत दाखल झालो.

पुण्यामुंबईच्या वाचकांना हिंगोली म्हटले की औंढ्याचा नागनाथ आठवतो, कोणाला नामदेवांचे नरसी आठवते, आणि अलीकडे वसमतच्या हळदीमुळे बाजारभावाच्या पानावरही आमचे नाव दिसते. जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात शंभरातले ८२ लोक साक्षर निघाले, आमच्याकडे ७८. चारांचाच तर फरक, असे कोणी म्हणेल; पण आम्ही निघालो कोठून ते पाहिले पाहिजे.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. खालच्या वर्गांत मराठी चाले. त्यापुढे पाऊल टाकायचे तर उर्दूतून. त्यामुळे खेड्यातला मुलगा चौथीपाशीच थांबे. आजोबा थोडेसे पुढे गेले, आणि त्याची खूण म्हणून शेवटपर्यंत धान्याचा हिशेब उर्दू आकड्यांत मांडीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्यानंतर १९५१ ची जनगणना झाली, तेव्हा हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही लिहितीवाचती नव्हती. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, खेडोपाडीच्या शाळा त्यांच्या हाती गेल्या, आणि माझे वडील त्या पहिल्या लाटेत शिकून तलाठी झाले. आमच्या घराण्याचा शैक्षणिक इतिहास हा एवढाच आहे. मराठवाड्यातल्या हजारो घरांचा असाच असेल.

मी पहिलीत गेलो १९८७ साली. शाळेला एकच दगडी खोली होती, तीही निजामाच्या अमदानीतली. तीत तिसरी-चौथी बसे; पहिली-दुसरीची रवानगी मारुतीच्या सभामंडपात. शनिवारी तेल घालायला बायका आल्या की आमचा पाढा थांबे. त्याच साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम काढली: प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य. सरकारी योजना आणि आमचे गाव यांची गाठ पडायला वेळ लागे. पण तिसरीत असताना खरोखरच दुसरे गुरुजी आले, आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीचा गोल आला. तो गोल फिरवायला मिळावा म्हणून मी आणि माझा मित्र सकाळी लवकर जाऊन खोली झाडीत असू. पुढे १९९४ च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशाने चालणारा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. मराठवाड्यातल्या ज्या जिल्ह्यांत तो प्रथम सुरू झाला त्यांत परभणी, म्हणजे तेव्हाचे आम्हीही होतो. मग २००१ चे सर्व शिक्षा अभियान, २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा. दर दहा वर्षांनी शाळेला नवे नाव, नवा रंग आणि नवी खोली मिळत गेली.

तांड्यावरची शाळा पाहून मी, खरे सांगतो, थक्क झालो. दोन पक्क्या खोल्या आणि पुढे व्हरांडा. मुलींसाठी निराळे स्वच्छतागृह, पायऱ्यांच्या बाजूला अपंग मुलांसाठी उतार, हात धुवायला नळांची ओळ, खिचडीसाठी स्वयंपाकाची खोली. भिंतींवर पाढे, बाराखडी, आठवड्याचे वार. 'बोलक्या भिंती' म्हणतात त्या. आतल्या खोलीत पडद्याएवढा टीव्ही, तोही लोकवर्गणीतला. पहिली ते चौथी मिळून ४१ मुले आणि शिक्षक दोन: हेडमास्तर आणि एक बाई. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचाच हिशेब आहे; त्यामुळे एका शिक्षकापुढे दोन इयत्ता हे ठरलेले. शिवाय विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती, मतदान २० नोव्हेंबरला. तेव्हा प्रशिक्षणाला बोलावणे आले की दोहोंतला एकच उरे. खिचडीच्या तांदळाचे वजन, मुलांची हजेरी, गणवेशाची मापे, सगळे मोबाईलमध्ये भरायचे, आणि त्यासाठी रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीपाशी. टाकीपाशी उभा असलेला गुरुजी दिसला की तो हजेरी घेतो आहे असे तांड्यावर समजतात.

पण भिंतीवर रंगवलेल्या सूर्याच्या डोक्यावरून एक बारीक चीर गेलेली मला दिसली. "ही जुलैची," मित्र म्हणाला. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या भागाला ४.५ रिश्टरचा धक्का बसला. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. त्याआधी २१ मार्चलाही तेवढाच बसला होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून गूढ आवाज येतात ही कित्येक वर्षांची कहाणी. जुलैत मुले अजून घरीच होती म्हणून बरे. तेव्हापासून माझा मित्र शाळा उघडली की आधी भिंतींकडे पाहतो आणि मग घंटा देतो. मुलांना त्याने 'बाकाखाली शिरा' असा खेळ शिकवला आहे. मी वर्गात पाऊल टाकले तेव्हा पाहुण्याला दाखवण्यासाठी सगळी पहिली एका दमात बाकाखाली गेली, आणि पाच मिनिटे बाहेर येईना.

आमची ती जुनी दगडी खोली मात्र पडून आहे. ती धोकादायक ठरली. तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव, म्हणजे पाडण्याची परवानगी, कोणत्याशा टेबलावर आहे. पाडल्याशिवाय नवी बांधता येत नाही आणि परवानगीशिवाय पाडता येत नाही. गावातली मुले तोपर्यंत पत्र्याच्या खोलीत बसतात. रोज सकाळी गावातून एक पिवळी व्हॅन निघते आणि इंग्रजी शाळेसाठी पंधरा-वीस मुले कोंबून नेते. माझ्या चुलतभावाची दोन्ही मुले त्यात असतात. मी त्याला काही बोलू शकलो नाही. माझी स्वतःची मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात आहे, आणि अभिजात मराठीवरचे माझे भाषण तिने एकदाच ऐकले, तेही मोबाईल पाहत.

असो. माझ्या फजितीकडे वळतो.

मी फळ्यावर मोठा 'आ' काढला. चित्राचे कार्ड वर धरले: लुगडे नेसलेली, पोळी लाटणारी बाई. "सांगा पाहू, ही कोण?" पुढच्या रांगेतला एक डोळे लुकलुकणारा मुलगा ताडकन उभा राहिला. "याडी!" मी म्हणालो, "नीट पाहा. आ... आ..." त्याने नीट पाहिले. "याडी!" मागून चार-पाच जणांनी दुजोरा दिला. मी 'आ'वर बोट ठेवी आणि ती लेकरे अधिकाधिक मोठ्याने 'याडी' म्हणत. शेवटी तो मुलगा माझ्याकडे अशा काही दयेने पाहू लागला की, या माणसाला स्वतःची याडी ओळखू येत नाही असे त्याला वाटले असावे.

बाई मदतीला आल्या. त्या नांदेडकडच्या; तांड्यावर येण्यापूर्वी गोरमाटीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी फळ्यावर दोन चित्रे काढली, दोन्ही सारखीच. एकीखाली लिहिले 'याडी', दुसरीखाली 'आई'. "घरी काय म्हणता?" "याडी!" "अन् पुस्तकात?" जरा शांतता. मग तोच मुलगा हळूच म्हणाला, "आई." तेवढ्याने काम झाले. बंजारा समाजाच्या घरात गोरमाटी बोलतात. शाळेतली मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा, तीही तो कोणाकडून न शिकता, थेट पुस्तकातून शिकणार. मी वीस वर्षे भाषाविज्ञान शिकवतो. मातृभाषा आणि प्रमाणभाषा यांतील अंतर हा प्रश्न परीक्षेत दहा गुणांना मीच घालतो.

दुपारी खिचडी खाता खाता मित्राने एक साधी वही दाखवली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पाच रकाने: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. मूल जेथवर न अडखळता वाचते तेथे पेन्सिलीने गोल. "ध्येय विचारतोस ना? वरून पंचवीस येतात. माझं एकच आहे. तिसरी संपताना प्रत्येक गोल शेवटच्या रकान्यात." देशानेही २०२१ साली निपुण भारत या नावाने तेच ध्येय ठरवले, आणि त्याला २०२६-२७ ही मुदत घातली. ती गाठणे किती अवघड आहे हे 'असर'च्या अहवालातून दिसते. २०२२ मध्ये देशातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सोळांनाच दुसरीचा पाठ वाचता येत होता. २०२४ मध्ये तेवीस. वाढ आहे, आणि कोरोनाने जे बुडवले त्यानंतरची म्हणून ती लहान नव्हे. मार्च २०२० मध्ये बंद झालेले खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. पावणेदोन वर्षे! शहरात तेव्हा आपण लॅपटॉपवर शिकवले. तांड्यावर मोबाईल होता तोही बापाबरोबर उसाच्या फडात.

मित्राच्या तिसरीत ११ मुले. चौघांचे गोल 'गोष्ट' या रकान्यात होते. एक मुलगी 'परिच्छेदा'वर होती, अगदी काठावर. ती त्या 'याडी'वाल्या मुलाची थोरली बहीण. मला तिने परिच्छेद वाचून दाखवला. बोट ओळीखाली, स्वर वर चढलेला, पूर्णविरामाला दम घेतलेला. "दिवाळीनंतर पंधरा दिवस मिळाले तर ही गोष्टीत जाते," मित्र म्हणाला. "पण पंधरा दिवस मिळायचे नाहीत."

वाचकहो, आपल्याकडे दिवाळी म्हणजे मुले घरी येतात. तांड्यावर दिवाळीच्या आसपास मुले घर सोडतात. पाऊसपाण्याच्या दिवसांत मुकादम उचल देऊन जातो. ती घेतली की नवराबायको दोघे मिळून एक 'कोयता' होतात. हिशेबात माणसे धरीत नाहीत, कोयते धरतात. कारखान्याचे बॉयलर पेटले की ट्रक, ट्रॅक्टर येतात आणि हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. फडाजवळ कोपी घालून राहायचे, पहाटे ऊस तोडायचा, रात्री-बेरात्री गाडी भरायची. तान्हे मूल कोपीत ठेवून कसे जाणार? म्हणून थोरली मुलगी बरोबर. शाळेत नाव तिसरीत, आणि पाच-सहा महिने काम दाईचे.

यावर उपाय नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृह म्हणून एक सोय आहे: आईबाप गेले तरी मूल गावातच आजीजवळ राहते, आणि दोन वेळचे जेवण त्याला सरकारी खर्चाने मिळते. जे मूल जातेच त्याला शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवले की जेथे जाईल तेथल्या शाळेने बसवून घ्यायचे. संध्याकाळी मित्र घरोघर हिंडून हेच समजावीत होता. मी मागे मागे.

त्या दोन भावंडांची आजी ओसरीवर बसली होती. अंगात आरशांची कांचोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "गुरुजी, पोराला ठेवते. पोरगी जाऊ द्या. धाकलं दहा महिन्याचं हाय, त्याला कोण धरील?"

"मावशी, तिचं वाचन आता आलंय. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"पंधरा दिसांनी टॅक्टर थांबतो का?"

मित्राजवळ याला उत्तर नव्हते. माझ्याजवळ तर नव्हतेच. त्याने तिसरीचे मराठीचे पुस्तक आणि ते कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या हातात दिले. तिने आधी पिशवीला गाठ मारली. तिसरीतले पाच जण त्या हंगामात जायचे होते. तीन आज्या तयार झाल्या, दोघे गेले.

परतताना मित्राने फटफटी मुद्दाम औंढ्यावरून घेतली. तेथून जवळच दुधाळा गावाच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो'ची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक मोजायचा. अशी वेधशाळा अमेरिकेत आहे, आणि ती आता आमच्या माळावर. "शिपाई इथलेच घेतील," मित्र म्हणाला. "शास्त्रज्ञ इथला घ्यायचा तर आज जो पहिलीत आहे त्याला 'आ' आला पाहिजे." आणि त्याने फटफटीला किक मारली.

मी पुन्हा तांड्यावर गेलो तो २०२५ च्या एप्रिलअखेर. मधल्या काळात शासनाने ५ मार्चला निपुण महाराष्ट्राचा कृतिकार्यक्रम काढला होता: दुसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचन-लेखन आणि गणित जूनअखेर तपासून पुरे करायचे. म्हणजे मित्राची वही आता सरकारी झाली होती, आणि अर्थातच तीही मोबाईलमध्ये भरायची होती. इकडे शहरात पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर रण माजले होते. १६ एप्रिलला तो निर्णय निघाला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. मीही त्यावर दोन लेख लिहिले. पहिलीतल्या मुलावर एकाच वेळी किती भाषा लादायच्या, हा त्यांतला माझा मुख्य मुद्दा. तांड्यावरच्या मुलाला पहिल्या दिवसापासून दोन असतात, हे वाक्य मात्र मी पहिल्या लेखात घातले नव्हते, दुसऱ्यात घातले.

त्या वर्षी गाळप लवकर आटोपले होते. तांड्यावरचे कोयते परतले होते. सकाळची शाळा. तिसरीतल्या ११ पैकी आठ गोल आता 'गोष्टी'त होते. बाईंच्या पहिलीत 'याडी'वाला माझा गुरू पाटीवर लिहीत बसला होता. मला पाहताच त्याने पाटी पुढे केली. एका बाजूला 'आई', दुसऱ्या बाजूला 'याडी'. 'डी'ची वेलांटी उलटी होती. तेवढी बाईंनी पुसून सुलटी करून घेतली.

मग मित्राने थोरलीला बोलावले. पिशवीतले पुस्तक तसेच होते, कोपरे मात्र ओलीने फुगलेले. कार्ड कोणाला दाखवले का, असे मी विचारले. "शाळा लांब व्हती," ती म्हणाली. "फड सारखा बदलायचा." परिच्छेद पुढे ठेवला. पहिली ओळ तिने ओढत पार केली. दुसऱ्या ओळीत एका जोडाक्षरापाशी बोट थांबले ते थांबलेच. मित्राने वाट पाहिली. मग त्याने खाली सुट्या शब्दांची चिठ्ठी दिली. ती तिने सगळी वाचली, एक न चुकता.

त्याने वही काढली. 'परिच्छेद' या रकान्यातला ऑक्टोबरचा गोल खोडरबराने पुसला आणि दोन घरे मागे, 'शब्द' या रकान्यात नवा काढला. ती वहीकडे पाहत होती. त्या गोलाचा अर्थ तिला ठाऊक असावा.

"सुट्टीत शाळा उघडी ठेवणार आहे मी," मित्र तिला म्हणाला. "सकाळी सातला येत जा."

ती काही वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत उभी राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, धाकल्याला आणलं तर चालंल का?"

"आण," मित्र म्हणाला.